अर्धा पियाला

सोनकुल, ९ जून

चि. बेगिमायला आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सगळे वर कुरणावर धडधाकट पोचलो. खिंडीत अजून गुडघाभर बर्फ होतं. एक मेंढी घसरून पाय मोडून बसली, तिचं त्याच दिवशी कालवण झालं. दोन्ही तंबू उभे केले, घोड्या व्यायल्या, घोडीच्या दुधाचं कुमिस आंबायला लागलं. तुझ्या आतोबांची कंबर धरली आहे, पण घोड्यावर बसले की दुखत नाही म्हणतात. उतरले की दुखते. तेव्हा उतरतच नाहीत.

फोन इथे आरशासारखा आहे, तोंड बघायचं आणि ठेवून द्यायचं. जुमा दर आठवड्याला ट्रक घेऊन कुमिस न्यायला येतो, त्याच्या हाती पत्र देत जाईन. पाचवीतून मला मेंढ्यांनी काढलं हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू विचारलंस, तुझ्या मंडळातली माणसं जुलैत तीन दिवस आमच्याकडे राहायला आली तर चालेल का. चालेल. किती जण आणि मांस खातात का, तेवढं कळव. न खाणारा कुणी असला तर त्याला गवत भरपूर आहे. आणि एक सांग, बायकांच्या हक्कांची एवढी चर्चा तुम्ही करता, तेव्हा चहा कोण ओततं?

आता माझं दुखणं. आयपेरीला, म्हणजे आमच्या सूनबाईला, फेब्रुवारीपासून नवीनच वेड लागलंय. नारिनला जाऊन सुइणीचं शिक्षण घ्यायचं म्हणते. तीन वर्षं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत आणि तीन वर्षं बाहेर! घोड्या कोण दोहील, चहा कोण बघेल? मी नाही म्हणून सांगितलं. कुबात बायकोसमोर आईची बाजू घेत नाही, आईसमोर बायकोची घेत नाही. घोड्यांची घेतो. तिचा शाळा संपल्याचा दाखला पेटीत आहे, पेटीची किल्ली माझ्या कमरेला आहे, विषय संपला. तू मध्ये काडी घालू नकोस.

येताना कांदे आण. माया आहे ती अशीच ठेव.

तुझी
झूराकान आत्या


बिश्केक, १९ जून

ती. झूराकान आत्यास बेगिमायचा वाकून सलाम. वि. वि.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं, एकदा मैत्रिणींना वाचून दाखवलं. माफ कर. गवताचा निरोप ज्याच्यासाठी होता त्याला पोचवला. तो आता मांस खातो म्हणतो.

आम्ही तेरा जण येऊ. मंडळ काय करतं ते तुला मागे सांगितलं होतंच. भाडेकरूंना, कामगारांना, बायकांना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून आम्ही भांडतो. सध्या बायकांच्या प्रश्नावर एक जाहीरनामा लिहितोय, तो तुमच्या कुरणावर पुरा करायचा आहे. चहा कोण ओततं म्हणून विचारलंस. खरं सांगते, बायकाच. तालाय नावाचा एक मास्तर आहे, तो हे चूक आहे यावर फार सुंदर बोलतो, आणि बोलता बोलता पियाला पुढे करतो.

एक गोष्ट मनात आहे, ती तुलाच लिहिते. जाहीरनाम्यात एक वाक्य आहे: घरात अडकलेल्या बाईला स्वतःची गुलामी दिसत नाही, म्हणून तिच्या वतीनं आम्ही बोलतो. आमच्यात सालियाताई आहेत, तीस वर्षं सूतगिरणीत काढलेल्या. त्यांनी विचारलं की वतीनं बोलायच्या आधी तिला कुणी विचारलंय का. आणि ती नको म्हणाली तर तिला आंधळी म्हणायचं का? चिनारा आमची प्रमुख. ती म्हणाली, असे प्रश्न विरोधकांच्या हातातलं कोलीत होतात, ते इथे नकोत. बैठकीची वही मी लिहिते. सालियाताईंचा प्रश्न वहीतून गाळ, असं तिनं मला सांगितलं. मी गाळला. चिनारा वाईट नाही, आत्या. मोर्चात ढकलाढकलीत तिचं मनगट मोडलंय आणि तिच्याबद्दल नाही नाही ते छापून आलंय. पण त्या दिवसापासून मला वही उघडावीशी वाटत नाही.

आयपेरीबद्दल काडी घालत नाही, फक्त विचारते. नारिनला अर्ज द्यायची शेवटची तारीख पंधरा ऑगस्ट आहे. अजून वेळ आहे ना?

तुझ्या रागावरही लोभ असलेली,
बेगिमाय


सोनकुल, २८ जून

चि. बेगिमायला आशीर्वाद, आणि एक चापट. वि. वि.

चापट वहीसाठी. त्या सालियाने विचारलं ते विचारलं. तू लिहिलं नाहीस म्हणून काय ते हवेत विरून गेलं? आमच्याकडे मेंढरं मोजताना लंगडं मेंढरू आवडत नाही म्हणून कुणी गाळत नाही. गाळलं की संध्याकाळी लांडग्याने किती नेली ते कळतच नाही. मला तुमचं राजकारण कळत नाही, पण जी बाई विचारते तिचं तोंड बंद करायचं आणि वर बायकांना तोंड फुटावं म्हणून जाहीरनामा काढायचा, हे मला पाचवीच्या शिक्षणावरही कळतं. प्रश्न परत लिही.

तारीख मला माहीत आहे. सूनबाईने चहाच्या सामोवाराच्या मागच्या खांबावर कोळशाने रेघा मारल्यात, रोज एक पुसते. मी बघून न बघितल्यासारखं करते. बेगिमाय, मी बावीस वर्षं सासूला चहा ओतला. भल्या पहाटे, तापात, दिवस भरत आलेले असताना. सासू तोरवर, दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसायची आणि मी दारापाशी. तेव्हा मीही स्वतःला सांगायचे की एक दिवस मी तिथे बसेन. आता बसले आहे. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. आणि माझीच पाळी आली तेव्हा सुनेला शिकायचं सुचलं.

तिच्या हाताला माप आहे, तेवढं मान्य करते. कुणाला साय, कुणाला मीठ, कुणाचा पियाला किती भरायचा, सांगावं लागत नाही. तुझ्यासारखं नाही. आठवतं का, सहा वर्षांची होतीस, माझ्या नणंदेला मागणी घालायला पाहुणे आले होते, आणि तू लाडाने सगळ्यांना काठोकाठ भरून दिलंस? अर्धा पियाला म्हणजे बसा, घ्या, पुन्हा ओतते. भरलेला म्हणजे प्या आणि निघा. बिचारे प्यायले आणि निघाले. ती सोयरीक मोडली ती मोडलीच. नणंद अजून तुझं नाव काढते.

कांदे विसरू नकोस. बाकी माया जिथल्या तिथे आहे.

झूराकान आत्या


बिश्केक, १८ जुलै

ती. आत्यास सलाम. वि. वि.

हे पत्र सालियाताईंच्या हाती देते आहे. काल कांदे घेऊन जिना उतरताना पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कांदे शाबूत आहेत, ते पाठवते आहे.

मला येता येणार नाही याचं किती वाईट वाटतंय ते लिहीत नाही. एक काम करशील? तिथे जे बोलणं होईल ते तू मला लिहून कळव. इथलं कुणी लिहिलं तर आपल्याला हवं तेवढंच लिहील. मीही तेच केलं होतं, मी कुणाला काय बोलू? तू मात्र काही गाळणार नाहीस. तुझं पत्रच मी वहीत चिकटवीन.

आयपेरीला माझा गोड निरोप सांग.

लंगडी, पण तुझीच,
बेगिमाय


सोनकुल, २३ जुलै

चि. बेगिमायला आशीर्वाद. वि. वि.

पाय उशीवर ठेव, मेंढीच्या नळीचं कढण पी. आता तुझं काम. मी सगळं लिहिते, कंटाळलीस तर आतोबांना दोष दे, मला कागद त्यांनीच आणून दिला.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही, कारण उंचीने सगळ्यांचा श्वास अडकला होता. एकटा तालाय मास्तर बोलत होता. त्याचं म्हणणं, आधी गरीब-श्रीमंत हा झगडा मिटू दे, मग बायकांचा प्रश्न आपोआप सुटतो. त्यावर चिनारा म्हणाली की आधी हे, आधी ते, असं ऐकता ऐकता तिच्या पणजीपासून सगळ्या मेल्या. मला हे पटलं. मी तिला मांडीचं मांस दिलं. ती पहाटे उठून घोडी दोहायला गेली, लाथ खाल्ली आणि पुन्हा गेली. ती बाई भित्री नाही हे मीही लिहून देते.

दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. सगळे मोठ्या तंबूत दाटीवाटीने बसले आणि ते वाक्य वाचलं गेलं, वतीनं बोलायचं. सालियाने तिथेच विचारलं, तेच. शिवाय आपली गोष्ट सांगितली. गिरणीत तिला बरोबरीचा हक्क मिळाला होता, भिंतीवर तिचा फोटो लागला होता. म्हणजे दिवसा यंत्र आणि घरी आल्यावर चूल. चुलीचं कुणी काही बोललं नव्हतं, कारण वरून ज्यांनी बरोबरी दिली त्यांनी तिला विचारलंच नव्हतं की तुला नेमकं काय जड जातंय. तिचं म्हणणं, तीच चूक आपण परत करू नये.

एक लहानशी मुलगी म्हणाली की पुरुषांनी या चर्चेत बोलूच नये. तालाय म्हणाला की मग तो बाहेर जातो. बाहेर गारा होत्या, तेव्हा तो राहिला. चिनारा म्हणाली की हा मुद्दा मागेच मिटला आहे, पुढचं वाचा. सालिया म्हणाली की मिटवला आहे, मिटलेला नाही. चिनारा म्हणाली की बाहेर लांडगे टपलेत, आणि आपण आपसात फाटलो तर ते आपल्याला खातील.

मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, बाई गं, एवढा घाट चढून चर्चेला आलात आणि दूध तापायच्या आत चर्चा मिटली? लांडग्याच्या भीतीने आम्ही कुत्र्यांना भुंकायचं बंद करत नाही. चिनारा माझ्याकडे बघून गोड हसली. म्हणाली की तुमच्यावरही जुनेच संस्कार आहेत, तुमचा दोष नाही.

माझा दोष नाही! मी सूनबाईला बाजूला सरकवलं, पळी घेतली आणि चिनाराचा पियाला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला. आतोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. चिनारा सगळा प्यायली, म्हणाली की किती मोठं मन आहे तुमचं, आणि पियाला परत पुढे केला. मी परत भरला. तो पण प्यायली. तिसराही. बावन्न वर्षांत असा पाहुणा मी पाहिला नाही. इतकं घालवून देऊनही जो बसून राहतो त्याच्याशी भांडणार कसं?

तिसऱ्या दिवशी चिनाराने सूनबाईलाही एकदोन प्रश्न विचारले. तिने दिली काहीतरी उत्तरं. चहा झाला, सगळे गेले. सालियाच्या हाती तुला वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या पाठवल्या आहेत, त्या चोखत बस.

एवढंच. मायेत खंड नाही.

झूराकान आत्या


बिश्केक, ३१ जुलै

ती. आत्यास सलाम. वि. वि.

पत्र वहीत चिकटवलं. तीन पियाल्यांचं वाचून इतकी हसले की शेजारणीने भिंत ठोकली.

आता जे लिहिते आहे ते लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. सालियाताई गोळ्या घेऊन आल्या होत्या. त्या चुगलखोर नाहीत. त्यांना वाटलं तू मला सगळं कळवलं असशीलच, म्हणून सहज विषय निघाला. तिसऱ्या दिवशी आयपेरीने काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं. आणि शेवटचा चहा तिने कुणाला कसा ओतला तेही.

तुझ्या पत्रात त्याला दीड ओळ आहे, आत्या.

मी तुला बोल लावत नाही. मी गाळलं तेव्हा मला चिनाराची भीती वाटत होती. तुला कुणाची वाटली ते मला माहीत नाही. फक्त एवढंच विचारते की आता वहीत मी काय लिहू? सालियाताईंनी सांगितलेलं लिहू, की तू लिहिलंस तसंच ठेवू? तू म्हणशील तसं करीन. तू ठेव म्हणालीस तर दीड ओळ ठेवीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

हे पत्र तुला सहा तारखेच्या आसपास मिळेल. खांबावर किती रेघा उरल्या असतील ते तूच बघ.

तुझा लोभ जाऊ नये म्हणून घाबरलेली,
बेगिमाय


सोनकुल, ६ ऑगस्ट

चि. बेगिमायला आशीर्वाद. वि. वि.

लिही. सालियाचं नको, माझंच लिही. माझी फजिती दुसऱ्याने का सांगावी?

तिसऱ्या दिवशी सगळे निघायच्या आधी चहाला बसले होते. चिनाराने आयपेरीला विचारलं की या गुलामीचा तुला कंटाळा येत नाही का. सूनबाईने आधी सगळ्यांचे पियाले भरले, अर्धे. मग म्हणाली की चहा ओतायचा तिला कंटाळा नाही, कुणाला काय हवं ते ओळखण्यात तिला मजा वाटते. पण तीन दिवस तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय आणि पियाला पुढे करण्यापलीकडे माझ्याकडे कुणी बघितलं नाही, असं म्हणाली. तालाय मास्तराने पुढे केलेला हात मागे घेतला.

मग तिने सांगितलं. फेब्रुवारीत, खिंड बंद असताना, शेजारच्या बात्माची सून बाळंतपणात गेली, पोटातल्या पोरासकट. तेव्हा आयपेरी तिच्याजवळ होती. गरम पाणी होतं, कापडं होती, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मीही तिथेच होते, बेगिमाय. मलाही माहीत नव्हतं. आयपेरी म्हणाली की तिला ते माहीत करून घ्यायचं आहे, बाकी तिची कसलीही तक्रार नाही. आणि म्हणाली, "माझा दाखला त्या पेटीत आहे, आणि किल्ली आईंच्या कमरेला आहे."

बारा माणसांनी माझ्या कमरेकडे बघितलं.

चिनारा लगेच उठली. म्हणाली की चल आत्ताच्या आत्ता आमच्याबरोबर, तुझी गोष्ट आम्ही छापू. आयपेरी तिला म्हणाली की ती कुणाची गोष्ट म्हणून जाणार नाही. जाईल तर या दारातून, सासूच्या हातून भाकरी घेऊन जाईल, नाहीतर जाणार नाही. चिनारा खाली बसली. हातातली वही मिटली. तिला ते लागलं, ते मी बघितलं.

तेव्हा सालिया मला म्हणाली, अगदी हळू, की झूराकान, तुम्हीच काल म्हणालात ना, विचारलेलं मिटवू नये म्हणून. आता तुम्हाला विचारलंय. मी काय म्हणाले ते लिही. मी म्हणाले की याचं उत्तर मी वसंतातच दिलं आहे, आता विषय मिटला. अगदी हेच शब्द. चिनाराचेच.

आयपेरी पुढे सरकली. माझा पियाला घेतला, साय घातली, चहा ओतला, आणि ओतत राहिली. काठापर्यंत. दोन्ही हातांनी, मान लववून, रीतीप्रमाणे माझ्यापुढे धरला. माझ्या तंबूत, माझ्या तोरवर, मला. शहरातल्यांना काही कळलं नाही. सालियाला कळलं. आतोबा घोडे बघतो म्हणून बाहेर गेले, आणि घोडे तर समोर बांधलेले होते.

मी प्यायले. उठले आणि निघाले. रीत आहे ती आहे. घोड्यांपाशी जाऊन बसले. आधी ठरवलं की हिला उद्याच्या उद्या माहेरी पोचवायचं. मग आठवलं की बावीस वर्षांत माझ्या सासूचा पियाला भरायचं माझ्या मनात किती वेळा आलं होतं. एकदा तर काठापासून बोटभर खालपर्यंत आणला होता. हात थांबला. हिचा थांबला नाही. बर्फात अडलेल्या बाईजवळ बसायचं तर ज्याचा हात थांबत नाही असंच माणूस लागेल.

हे सगळं मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी तुला लिहिलं नाही, आणि किल्लीही काढली नाही. दोन आठवडे ती मला अर्धाच पियाला देत होती, जसं काही झालंच नाही, आणि मी घेत होते. तुला कुणाची भीती, म्हणून विचारतेस. कुणाची म्हणजे? दारापाशी परत बसायची.

आज दुपारी तुझं पत्र आलं. वाचलं, पेटी उघडली. जुमाचा ट्रक उभाच होता. दाखला, दोन रजया, लोण्याचा डबा आणि भाकरी दिली. एक घास तिने मोडला, बाकीची मी खांबाला बांधली, परत आल्यावर खायला. रडली नाही. मीही नाही. कुबात रडला. आता घोड्यांची बाजू कोण घेणार?

तुझ्या मंडळाने हे आपल्या नावावर खपवू नये. मी तुमच्यातली झालेली नाही. घरात राहून जी खूश आहे तिला आंधळी म्हणाल तर मी परत पळी हातात घेईन. आणि चिनाराला सांग, पुढच्या वर्षी ये. तिला मी रागाने तीन भरून दिले, चौथा अर्धा देईन.

माया आटली नाही, उलट थोडी उतू गेली.

तुझी
आत्या


बिश्केक, २७ ऑगस्ट

ती. आत्यास वाकता येईल तेवढं वाकून सलाम. वि. वि.

काल बैठकीत सगळी वही वाचली. माझं गाळलेलंही लिहिलं होतं, सालियाताईंचा प्रश्न आणि खाली मी तो गाळला होता असं. मग तुझी दोन्ही पत्रं, एक अक्षर न सोडता. वाचायला पाऊण तास लागला. चहा तालायने केला. वाईट केला, पण त्यामुळे तो बोलला कमी.

तीन पियाल्यांपाशी आले तेव्हा मी भरभर वाचायला लागले. चिनाराने थांबवून विचारलं की भरलेल्या पियाल्याचा अर्थ काय. शेवटी मीच सांगितला. ती कानापर्यंत लाल झाली. आजीच्या हातचा चहा कधी प्यायलाच मिळाला नाही, अनाथालयात मगच असायचे, असं म्हणाली. आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं, आत्या. सहा वर्षं एकत्र काम करतो. कुणी विचारलंच नव्हतं.

मग हसली, ठसका लागेपर्यंत. आणि मग म्हणाली की तरीही तिला भीती वाटते. हे सगळं बाहेर गेलं तर लोक म्हणतील, बघा, यांच्यातच मेळ नाही. सालियाताई म्हणाल्या की म्हणू देत. त्यावर दोघी दोन तास भांडल्या. तोंडावर आणि मोठ्याने. दोघी जणी उठून गेल्या, त्यातली एक परत आली. ते वाक्य अजून ठरलेलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा आहे. पण वहीतून काही गाळू नका, हे चिनारानेच सांगितलं.

तुझा चौथ्या पियाल्याचा निरोप तिला दिला. ती पुढच्या उन्हाळ्याचे दिवस मोजायला लागली आहे.

तुझा धाक आणि लोभ, दोन्ही हवं असलेली,
बेगिमाय


कोचकोर, २० सप्टेंबर

चि. आयपेरीला सासूचे आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खाली गावात उतरलो. दोन घोड्या विकल्या, बाकी सगळे ठीक. कुबात महिनाअखेरीस तुला भेटायला येतो, त्याच्याबरोबर मांस पाठवते. तिथल्या खाणावळीत पाण्याला रस्सा म्हणतात असं ऐकलं.

तुझं पत्र आलं. हाडांची एवढी नावं असतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की मी मेंढी सोलली आहे म्हणजे मला सगळं माहीत आहे. नापास होऊ नकोस. झालीस तर परत बस, पण इथे तोंड पाडून येऊ नकोस.

एक सांगायचं आहे. चहा आता मीच ओतते. दारापाशी बसून. गुडघे कुरकुरतात, पण काल काय झालं ते ऐक. बात्मा आली होती. खूप महिन्यांनी, सून गेल्यापासून ती कुणाकडे जात नव्हती. मी साय काढली, ताजी भाकरी ठेवली, चहा ओतून तिच्या हातात दिला आणि घरात काय काय झालं ते सांगायला लागले. तिने पियाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गटागट प्यायली आणि उठून शाल घेतली. मी म्हटलं, अगं कुठे चाललीस, आत्ता तर आलीस. तिच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा मी पियाल्याकडे बघितलं. काठोकाठ. दोन वर्षांत माझ्या हाताचं माप गेलं आहे, सूनबाई. मला वाटलं मी अर्धाच ओतला.

तिचा हात धरून बसवली. म्हटलं, चुलीवरच्या भाकरीची शप्पथ, माझा हात चुकला, ओतायला सून नाही घरात. तिने विचारलं की कुठे गेली. मी सांगितलं, कशासाठी गेली तेही सांगितलं. तुझ्या सुनेजवळ ती बसली होती त्यावरूनच गेली, म्हटलं. बात्माने शाल परत काढून ठेवली. मग म्हणाली की आण तो पियाला, मी दाखवते किती ओतायचा. आणि संध्याकाळपर्यंत बसली. दोन सामोवार संपले.

सुट्टीत आलीस की मला एकदा नीट शिकव, अर्धा म्हणजे किती. खांबावरची भाकरी खाली आणली आहे, वाळली आहे, उंदरांपासून सांभाळते.

लोभ पुष्कळ आहे, पण या पत्रात अर्धाच ओतते. म्हणजे परत येशील.

तुझी
आई